मारबतीपर्यंत दोन कॅमेरे: डी७० आणि डी७२००च्या नोंदी

२९ जून, रविवार

कपाटाच्या वरच्या खणातून निकॉनचा डी७० कॅमेरा खाली काढला. नोकरीत कायम झाले त्या वर्षी, २००५ मध्ये घेतलेला. मागची चार वर्षं त्याला हातही लागला नव्हता. पकडीचं रबर जरा चिकट झालंय, पण आत बुरशी नाही. ५० मिमीची लेन्स मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहिली. कडेला केसाएवढा एक धागा आहे, मधली काच स्वच्छ.

हे सगळं भाचीसाठी. ती अकरावीला आहे आणि यंदा मारबतीचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तिचे, फोटो तिला स्वतः काढायचे आहेत. घरात बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरे, दोन: हा डी७०, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्याकडून दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला निकॉनचाच डी७२००. त्या दिवशी आम्ही दोघी इतवारीत, मिरवणुकीच्या वाटेवर असणार, म्हणजे एकीच्या गळ्यात जुना येणार हे नक्की. तिने डी७० उलटा करून मागचा एवढासा स्क्रीन पाहिला आणि म्हणाली, "मावशी, हा मला देऊन राहिली नं तू?"

आवाजातला रुसवा कळला. "चांगला आहे गं" म्हणून तिची समजूत निघणार नाही, आणि तो अजून चांगला आहे की नाही हे मलाही तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून मारबतीपर्यंत सवड मिळेल त्या रविवारी दोन्ही शेजारी ठेवायचे आणि जे दिसेल ते इथे लिहायचं.

कागदावरचा फरक आधी लिहून ठेवते. डी७० जानेवारी २००४ मध्ये जाहीर झाला, डी७२०० मार्च २०१५ मध्ये. सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपचा, आकार दोघांचा जवळपास सारखाच. जुन्याचा फोटो ३००८ बाय २००० पिक्सेलचा, नव्याचा ६००० बाय ४०००चा. म्हणजे आडवा-उभा दोन्हीकडून दुप्पट, आणि जुन्याच्या एका पिक्सेलच्या जागेत नव्याचे चार बसतात. "सहा मेगापिक्सेल विरुद्ध चोवीस" म्हटलं की चौपट चांगला असं वाटतं. चार चिमुकले पिक्सेल एका मोठ्याच्या जागेत मावतात असं म्हटलं, की पुढचं बरंच समजायला सोपं जातं.

रात्री डी७०च्या वरच्या पट्टीवर घड्याळाचं चिन्ह लुकलुकत होतं. आतला घड्याळाचा सेल रिकामा झालाय. तो मुख्य बॅटरीवरच चार्ज होतो, म्हणून बॅटरी आत ठेवून तसाच सोडला.

२ जुलै, बुधवार

घड्याळ टिकलं. दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ सेकंदाला सेकंद जुळवली. मारबतीनंतर दोघींचे फोटो वेळेवरून जोडीने लावायचे तर हे आत्ताच हवं.

डी७०च्या जुन्या पद्धतीच्या सीएफ मेमरी कार्डाचा रीडर मागवला होता तो बिघडलेला निघाला, परत पाठवला. शाळेतल्या एका सरांकडे जुना पडून होता, तो मिळाला. कार्ड घालताना जोर करायचा नाही हे भाचीला टॉर्च मारून दाखवलं. खोबणीत पन्नास बारीक पिना दोन रांगांत उभ्या असतात. कार्ड तिरकं घालून एखादी वाकली तर कॅमेरा तिथेच थांबतो. छोट्या एसडी कार्डांच्या पिढीला हे सांगावंच लागतं. जुनी बॅटरी आता दम धरत नाही. निकॉनच्याच डी९० किंवा डी३००ची ईएन-ईएल३ई बॅटरी डी७०मध्ये चालते, तीच घ्यायची. जुनी त्या कॅमेऱ्यांत मात्र चालत नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

गच्चीवर पहिली तुलना. आभाळ भरलेलं, उजेड सगळीकडे सारखा, म्हणजे तुलनेला उत्तम. ५० मिमी एफ १.८ डी हीच लेन्स दोन्हींवर. तिच्यात फोकसची मोटर नसते, पण या दोन्ही बॉडींमध्ये ती आहे, त्यामुळे दोन्हींवर ती खर्रकन फिरते. ट्रायपॉड, एफ ५.६ (लेन्सचं भोक), आयएसओ २०० (उजेडाची संवेदनक्षमता), दोन्हींत रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल. समोर शेजाऱ्यांची विटांची भिंत, तुळस, आणि मुद्दाम दोरीवर टाकलेला बारीक रेघांचा शर्ट.

लॅपटॉपवर पूर्ण फोटो शेजारी-शेजारी लावले तर रंगाच्या किरकोळ फरकापलीकडे काही सांगता येत नाही. भाचीला विचारलं, तिने तीनदा सांगितलं आणि दोनदा चुकली. मोठं करून पाहिल्यावर मात्र नव्यात विटांच्या मधल्या सिमेंटचे कणसुद्धा दिसतात, जुन्यात ती नुसती राखाडी रेघ होते.

शर्टाने वेगळाच खेळ दाखवला. डी७०च्या फोटोत त्याच्या खांद्यावर निळसर-पिवळ्या लाटा उमटल्या, कापडात नसलेल्या. रेघा पिक्सेलच्या जाळीपेक्षा बारीक झाल्या की हे होतं, आणि अशा लाटा टाळायला चित्र किंचित मऊ करणारी डी७०च्या सेन्सरपुढची गाळणी मुळातच हलकी आहे. डी७२००मध्ये ती गाळणी नाहीच, तरी त्याचे पिक्सेल इतके बारीक की तेवढ्याच अंतरावर त्याला रेघ न् रेघ मोजता आली. शर्टापासून दुप्पट लांब गेले, तेव्हा त्यातही लाटा आल्या. भाचीने वहीत लिहिलं: "जुन्याने बारीक रेघांचे कपडे जवळून काढायचे." तिने स्वतःहून लिहिलं याचा मला जास्त आनंद झाला.

शेवटी जिन्याच्या दाराचा फोटो. बाहेर उजेड, आत काळोख. रॉ फाइलमध्ये सावली उचलत, म्हणजे उजळत नेली. डी७०ची दोन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) नीट उचलली गेली. तिसऱ्या स्टॉपला काळ्यात लाल-हिरवे ठिपके पेरल्यासारखे झाले आणि जिन्याचा कठडा त्यात विरघळला. डी७२००ची चार स्टॉप उचलली तरी कठड्यावरचा गंज दिसत होता. आजच्या दिवसातला खरा फरक हा. विटा मोजायला मी फोटो काढत नाही, पण सावलीत काय दडलंय ते मला पाहिजे असतं.

१३ जुलै, रविवार

सीताबर्डीतल्या लॅबमधून प्रिंट आणले. ८ बाय १२ इंचाच्या जोडीत मला स्वतःला ओळखू येईना. गणित केलं तर डी७०चे ३००८ पिक्सेल १२ इंचांत बसवले की इंचाला २५० पडतात, हाताच्या अंतरावरून बघायला ते भरपूर. १२ बाय १८ला तेच १६७वर येतात. तिथे तुळशीची पानं मऊ पडलेली कळतात, नव्याची पानं करकरीत.

२० जुलै, रविवार

अंधाराची पाळी. जेवण झाल्यावर देवघरात, समईच्या आणि एका पिवळ्या दिव्याच्या उजेडात. डी७० आयएसओ १६००च्या पुढे जात नाही. डी७२००चा १६०० त्याच्या शेजारी ठेवला आणि पूर्ण मोठा करून पाहिला, तेव्हा फरक होता पण डोळे दिपावेत असा नव्हता. मग नव्याची फाइल ३००० बाय २०००वर आणली. चार पिक्सेलांची सरासरी एकात गेली, दाणे, म्हणजे अंधारातली खरखर, निम्म्यावर आले, आणि आता नवा उघड पुढे निघाला. त्याचा ३२००सुद्धा जुन्याच्या १६००पेक्षा थोडा स्वच्छ आहे. म्हणजे एक स्टॉपहून थोडं जास्त अंतर. अकरा वर्षांच्या मानाने मला ते कमीच वाटलं.

पण ही तुलना फोटो मिळाला तर. समईमागच्या मूर्तीवर डी७० फोकस शोधत राहिला. खर्र पुढे, खर्र मागे, आणि शेवटी गप्प. त्याच्या फोकसला उणे १ ईव्हीपर्यंतचा उजेड लागतो (ईव्ही हे उजेडाचं माप, एक पायरी खाली म्हणजे निम्मा), डी७२००ला उणे ३ पुरतो, म्हणजे चौथाई प्रकाशात तो काम करतो. दहा प्रयत्नांत जुन्याने चारदा नीट पकडलं, नव्याने दहाही वेळा. अंधारात जुना मागे पडतो तो दाण्यांमुळे कमी, या चाचपडण्यामुळे जास्त.

गच्चीवर तीस सेकंदांचा एक फोटो दोन्हींनी घेतला. डी७०च्या एका कोपऱ्यात जांभळी झाक आली. सेन्सरजवळचं सर्किट तापल्याची ती खूण, हे मला आधीपासून माहीत होतं. रात्रीच्या कामाला जुना नको, हे ठरलं.

२७ जुलै, रविवार

आठवडाभराची झड थांबली आणि लख्ख ऊन पडलं. आजची नोंद मोठी होणार, कारण मला हवं होतं ते आज सापडलं.

मारबत भर दुपारी निघते. ऊन डोक्यावर असतं. कपाळ आणि नाकाचा शेंडा जळून पांढरा होतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. त्यात काळी मारबत म्हणजे चेहरा मुळातच काळा. मी चित्रकला शिकवते. मुलांना दरवर्षी सांगते, की नुसता काळा रंग नसतोच, त्यात निळा किती आणि तपकिरी किती ते बघा. आणि माझ्याच मारबतीच्या फोटोंत तो काळा एक सपाट डाग होऊन बसतो. त्यावर उपाय दोन. सावली नंतर फाइलमध्ये उचलायची, किंवा तिथल्या तिथे फ्लॅशने भरायची.

फ्लॅशची अडचण शटरच्या पडद्यांची आहे. पहिला पडदा उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. ठरावीक वेगापर्यंत मध्ये एक क्षण असा येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश तेव्हाच चमकायला हवा. डी७२००मध्ये ही हद्द १/२५० सेकंद आहे, थोडा जोर घालवून १/३२०. त्यापुढे पडद्यांमधली फट सरकत जाते आणि फ्लॅशचा उजेड फोटोच्या एका पट्ट्यावरच पडतो. डी७०ची हद्द १/५००. त्याच्या सीसीडी जातीच्या सेन्सरला वेगाच्या कामात पडद्यांची गरज नाही. सेन्सर स्वतःच एकदम चालू, एकदम बंद होतो. स्वस्तातल्या जुन्या कॅमेऱ्यात ही गोष्ट आहे आणि नव्यात नाही.

गच्चीवर भाचीला उन्हात बसवून पाहिलं. डी७२००: आयएसओ १००, १/२५०, एफ १०. डी७०: त्याचा आयएसओ २००च्या खाली जात नाही, म्हणून २००, १/५००, पुन्हा एफ १०. ऊन दोघांना सारखंच मोजलं गेलं. भोक तेवढंच, फ्लॅश तोच एसबी-६००. पण फ्लॅशचा चकाका १/५००मध्येही पूर्ण मावतो, आणि आयएसओ दुप्पट असल्याने डी७०ला तो दुप्पट दिसतो. या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशचा जोर; त्याला एफच्या आकड्याने भागलं की पोच मीटरमध्ये निघते) आयएसओ १००ला, ३५ मिमीच्या झूमवर ३०. तीस भागिले दहा, म्हणजे डी७२००ला तो तीन मीटरपर्यंत उन्हाच्या बरोबरीने पुरतो. डी७०ला सव्वाचार मीटर.

सव्वा मीटर म्हणजे गर्दीतल्या माणसांच्या दोन रांगा. भाचीला हे टेपने जमिनीवर मोजून दाखवलं. पायरीजवळची कुंडी आणि त्यामागची पाण्याची टाकी, एवढं अंतर. ती टाकीजवळ उभी राहिली. डी७०ने तिच्या डोळ्यांत उजेड आला, डी७२००ने खोबण्या अर्ध्या काळ्याच राहिल्या. नव्यात वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायची एक सोय आहे, ऑटो एफपी नावाची, पण त्यात फ्लॅश तुकड्यातुकड्याने चमकत राहतो आणि जोर इतका उतरतो की तीन मीटरही गाठले जात नाहीत.

जुन्याचा एक दोष याच कारणाने येतो. पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर सूर्य चमकत होता, आणि त्या ठिपक्यातून वर-खाली एक फिकट उभी रेघ फोटोभर ओढली गेली. तेवढा चकाका चौकटीबाहेर ठेवायचा.

भाची म्हणाली, "म्हणजे दुपारी माझावाला भारी?" पहिल्यांदा ती "माझावाला" म्हणाली.

१० ऑगस्ट, रविवार

इतवारीत सराव. जगनाथ बुधवारीच्या बाजूने फिरून नेहरू पुतळ्यापर्यंत आलो. भाचीच्या प्रत्येक फोटोच्या वरच्या कडेला विजेच्या तारा. ती म्हणे, "मी तर काढून टाकल्या होत्या नं." तिचं खरं होतं. डी७०च्या खिडकीतून चौकटीचा ९५ टक्केच भाग दिसतो, उरलेला न दिसताच फोटोत येतो. डी७२००च्या खिडकीत पूर्ण शंभर टक्के, वर प्रिझम काचेचं, त्यामुळे चित्र मोठं आणि उजळ. दोन्ही एकामागून एक डोळ्याला लावले तर जुना म्हणजे बोगद्यातून बघितल्यासारखा. तिला सांगितलं, तार चौकटीबाहेर गेली असं वाटलं की अजून थोडं खाली वळ.

२२ ऑगस्ट, पोळा

संध्याकाळी बैलांना ओवाळून झाल्यावर बॅगा भरल्या. डी७२००च्या बॉडीला पावसापासून बचावाची सीलं आहेत, डी७०साठी दुधाची धुतलेली पिशवी आणि दोन रबर. फ्लॅश भाचीकडे. मी फ्लॅशविना, आयएसओ १००वर, सावली नंतर उचलणार. एकाच चेहऱ्यावर दोन्ही उपाय करून बघायचे.

२३ ऑगस्ट, शनिवार, मारबत

घरी आलो तेव्हा पाय उरले नव्हते. आत्ताच लिहिते, नाहीतर राहून जाईल.

पिवळी मारबत १८८५ पासूनची म्हणतात आणि काळी १८८१ पासूनची, म्हणजे दोघींच्या मिरवणुकीला दीडशे वर्षांच्या आसपास होत आली. बायका लेकरांना कडेवर घेऊन पिवळीच्या पाया पडत होत्या. मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, प्रत्येकाच्या गळ्यात यंदाच्या तक्रारींच्या पाट्या. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" हा गजर अंगावर येत होता. ढगातून मधूनमधून ऊन असं उतरत होतं की डोळे मिटावेत.

काळी जवळ आली तेव्हा भाची माझ्यापुढे दोन पावलं होती. तिने डोळ्याला कॅमेरा लावला आणि दाबून धरलं. चार फोटो झाले आणि डी७० थांबला. रॉमध्ये चार फोटोंनी त्याची आतली जागा भरते, मग कार्डावर उतरवेपर्यंत वाट बघायची. माझा सेकंदाला सहाच्या वेगाने अठरापर्यंत जातो. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, तोंड रडकुंडीला आलेलं. मी ओरडले, "सोड! एकेक काढ!" गजरात तिला काय ऐकू गेलं कोण जाणे, पण बोट उचललं तिने. त्यानंतर एकेकच फोटो, मध्ये कॅमेरा खाली घेऊन बघायची, मग पुन्हा. दोन्ही मारबती समोरासमोर आल्या तेव्हा तिचा कॅमेरा रिकामा होता आणि तयार होता. माझा त्याच वेळी भरलेला, कारण मी दाबून धरलं होतं.

२४ ऑगस्ट, रविवार

घड्याळं जुळवली होती त्याचा उपयोग झाला. फाइली वेळेप्रमाणे लावल्या, तिच्या आणि माझ्या आपोआप जोड्या पडल्या.

तिच्या २१२ पैकी ५७ फोकसमध्ये नाहीत. पाच फोकस बिंदू, त्यातला मधलाच भरवशाचा, आणि तो पुढच्या माणसाच्या वर गेलेल्या हाताला धरून बसला. माझे ६४० पैकी ४१ गेले. पण तिला सर्वात जास्त वाईट वाटलं ते याचं, की तिथे बघितले तेव्हा सगळेच तिला बरोबर वाटले होते. १.८ इंचांचा तो स्क्रीन उन्हात नुसता रंग दाखवतो, फोकस दाखवत नाही. माझ्या ३.२ इंचांच्या स्क्रीनवर मी डोळा मोठा करून बघत होते आणि जागच्या जागी सुधारत होते. शिकणाऱ्या मुलीला नेमकी याचीच गरज असते, आणि ही गोष्ट मी महिनाभराच्या तुलनेत कुठेच मोजली नाही. गच्चीवर आम्ही दरवेळी लगेच लॅपटॉपवर बघत होतो. चूक माझी आहे.

आता ती जोडी. काळीचा चेहरा, दोन्ही फोटोंमध्ये अकरा सेकंदांचं अंतर. तिचा: फ्लॅश बरोबर चार मीटरवरून पोचलाय, बुबुळांत ठिणगी आहे, गालावर रंगाच्या कुंचल्याचे फराटे मोजता येतात. माझा: साडेतीन स्टॉप उचललेली सावली, एकही दाणा डोळ्यात येत नाही, वरच्या आभाळातला ढगही शाबूत. तिला तिचाच आवडतो, कारण त्यात रंग दिसतो. मला माझा, कारण त्या गल्लीतला त्या वेळचा उजेड तोच होता. अर्धा तास वाद झाला, आईने चहा आणून ठेवला तो गार झाला.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती गेले, शाळा लागली. विसर्जनाच्या रात्री भाचीला डी७२०० दिला होता, डी७० मी घरीच ठेवला.

दोन्ही चेहरे ८ बाय १२मध्ये छापून चित्रकलेच्या वर्गात फळ्याशेजारी लावले. कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा ते सांगितलं नाही. सातवीच्या मुलांना म्हटलं, काळ्या रंगाची बाटली बंद, यातला काळा दुसऱ्या रंगांतून तयार करा. माझ्या फोटोपुढे बसलेल्यांनी जवळपास सगळ्यांनी प्रशियन ब्लूपासून सुरुवात केली. त्या सावलीत आभाळाचा उजेड उतरलेला आहे. भाचीच्या फोटोपुढच्यांनी बर्न्ट अंबर उचलला, कारण फ्लॅशने आभाळ बाजूला सारून मारबतीचा रंगच समोर आणलाय. मागच्या बाकावरची एक मुलगी दोन्हींकडे आलटून पालटून बघत बसली होती, तिच्या ताटलीत दोन वेगवेगळे काळे झाले होते. भाचीसाठी त्या ताटलीचा फोटो काढला.